भाचा चार वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान झालंय. जिल्ह्याच्या गावी मदत कुठे मिळेल?

आधी जिल्हा रुग्णालय गाठा. तिथं बहुतेक जिल्ह्यांत डीईआयसी, म्हणजे लवकर निदान आणि उपचाराचं केंद्र असतं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथं स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी) मोफत मिळते. दिव्यांग प्रमाणपत्राची वाट बघत थांबू नका, थेरपी आधी सुरू करा.

माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आई अशाच एका केंद्राच्या बाकावर तासन्‌तास बसायची. चमचा त्याच्या हातात नीट बसावा म्हणून मुठीला कापड गुंडाळायचं, हे तिला शेजारच्या बाईनं शिकवलं. म्हणून सांगते, तिथल्या पालकांशी बोला, नंबर घ्या. कुठली शाळा खरंच मुलांना सांभाळून घेते, हे त्यांनाच ठाऊक असतं.

सोबत यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. ते आलं की राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची 'निरामय' आरोग्य विमा योजना घ्या. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे, त्यात ओपीडी आणि थेरपीचा खर्चही येतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी ती आहे.

आणखी एक, जे फार उशिरा कळतं: मूल अठराचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. तुमच्याकडे अजून वेळ आहे, पण बहिणीच्या कानावर आत्ताच घाला.