प्रोजेक्ट मुलीचा, जागरण आईचं

‘प्राण्यावर प्रोजेक्ट दिलाय. ती स्वतः काहीच करत नाही, शेवटी मलाच बसावं लागतं.’ समुपदेशक म्हणून तिसरी-चौथीतल्या मुलांच्या पालकांकडून हे मी सतत ऐकते. पूर्वी ‘वाघाची माहिती लिहा’ असं सांगायचे. आता बऱ्याच वर्गांत प्राणी मुलांनीच निवडायचा, त्याच्याबद्दल पडलेले प्रश्न लिहायचे आणि उत्तरं शोधायची, असं असतं. ‘पण हिला प्रश्नच पडत नाहीत हो!’ ही त्या तक्रारीची दुसरी ओळ. माझ्या मते दुखणं वेगळं असतं. एका मायलेकींच्या निमित्ताने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी आठ वर्षांची. तिने निवडली गोगलगाय, आणि आईचं बिनसलं ते तिथूनच. “बाकीच्यांनी देवमासा घेतलाय, चित्ता घेतलाय. आणि हिला काय मिळालं, तर गोगलगाय!” फाइल मात्र देखणी होती. छापील चित्रं, रंगीत चौकटी, वळणदार अक्षर. अक्षर आईचं. मुलीने पहिलं पान घडाघडा वाचून दाखवलं. “मृदुकाय म्हणजे गं?” मी विचारलं, तर तिने आईकडे पाहिलं.

प्रश्न न पडणारं आठ वर्षांचं मूल मला अजून भेटलेलं नाही. तोंडातून प्रश्न निघायचा अवकाश, की मोबाइलवरचं उत्तर समोर येतं, याची सवय झालेली मुलं मात्र नेहमी भेटतात. हळूहळू ती विचारणं सोडून देतात.

मी तिला म्हटलं, “या फाइलमधलं तुला खोटं काय वाटतं?”

मुलांना हा प्रश्न आवडतो. ती लगेच म्हणाली, “ती म्हण. गोगलगाय आणि पोटात पाय. मी बघितलीय, तिला पायच नसतात.”

“अगं, म्हण आहे ती, तसं काही—” आई सुरू झाली. मी हातानेच थांबवलं.

“मग खरं-खोटं कसं कळेल?”

मुलगी गप्प. आईचा हात मोबाइलकडे गेला, मी मान हलवली, तो मागे आला. आई पदराशी चाळा करत राहिली. मी काहीही बोलले नाही. समुपदेशनात मी सगळ्यात मेहनतीने कमावलेली गोष्ट कोणती, तर हे गप्प बसणं. मुलीची नजर टेबलावरच्या काचेवर गेली. मग ती खाली वाकली आणि काचेच्या खालून वर बघायला लागली.

“काचेवर चालवली तर खालून दिसेल!”

पुढच्या भेटीत तिने वहीतलं एक चित्र आणलं. अक्षर वेडंवाकडं, चित्र पेन्सिलीचं: गोगलगायीचं पोट खालच्या बाजूने, त्यावर आडवे गडद पट्टे आणि बाणाची खूण. “हे पट्टे चालतात. शेपटीकडून डोक्याकडे जातात. मला वाटलं होतं उलटे जातील.” तिने पाहिलं ते अगदी बरोबर होतं. गोगलगायीचं सगळं पोट म्हणजेच एक पाय असतो, आणि त्याच्या स्नायूंतून अशा लाटा पुढे सरकत जातात. म्हण खरी निघाली होती, पण ते तिने स्वतः तपासून मान्य केलं. आई म्हणाली, “मला हे माहीतच नव्हतं.” आपल्या मुलीसमोर ती हे बहुधा पहिल्यांदाच बोलली. मुलीने वळून आईकडे पाहिलं, ते यावेळी उत्तर मागायला नव्हतं.

माझ्या दृष्टीने उपचार तिथेच झाला होता. ‘माहीत नाही’ या अवस्थेत राहणं मुलांना जमतं. आपल्यालाच ते सोसत नाही, आणि आपण घाईघाईने ती जागा भरून टाकतो. मी जाँ पियाजे या स्विस बालमानसशास्त्रज्ञाच्या विचारांची आहे: मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं, ते बाहेरून ओतता येत नाही. या माणसाचं पहिलं छापील लिखाण १९०७ सालचं, म्हणजे शाळकरी वयातलं. विषय होता त्याने पाहिलेली एक पांढरी चिमणी. पुढे त्याने मृदुकाय, म्हणजे गोगलगायीसारख्या मऊ अंगाच्या प्राण्यांचाही अभ्यास केला, हे त्या मुलीला सांगितलं तेव्हा ती खूश झाली.

मग आईने काय करायचं? ‘तुला कसं कळलं?’ हे विचारायचं, आणि थांबायचं. प्रश्न दोन प्रकारचे असतात, तेवढी निवड करायला मदत करायची. गोगलगायीला दात किती, हे बघून कळणार नाही. तिच्या जिभेवर हजारो सूक्ष्म दात असतात, त्यासाठी पुस्तक हवं. पण ती ओल्या कागदाकडे जाते की कोरड्या, हे मूल स्वतः शोधू शकतं. आधी अंदाज लिहायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि एकदाच पाहून निकाल लावायचा नाही. मोबाइल या सगळ्यानंतर. देवमासा निवडला असेल तर पुस्तकांवरच भिस्त राहणार. अशा वेळी सोबत मुंग्या किंवा कावळ्यासारखा रोज दिसणारा एखादा प्राणी जोडून घ्यावा. हात साबणाने धुवायचे, गोगलगायीवर मीठ टाकायचं नाही आणि बघून झालं की होती तिथे सोडायची, एवढे नियम मात्र मोठ्यांनी ठरवावेत.

“पण हिचं वेडंवाकडं चित्र भारी फायलींसमोर कसं दिसेल?” आईची ही शेवटची धाकधूक होती. मी तिला एक उदाहरण सांगितलं. इंग्लंडमधल्या ब्लॅकॉटन या गावातल्या ८ ते १० वर्षांच्या २५ मुलांनी भुंगमाश्यांवर (बम्बलबी) प्रयोग केले: फूल निवडताना त्या रंग आणि रंगांची मांडणी दोन्ही लक्षात घेतात का? त्यांचा निबंध २०१० मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’ या संशोधनपत्रिकेत आला, मुलांच्याच भाषेत आणि त्यांनी रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आकृत्यांसह. मग मी आईला शिक्षिकांशी बोलायला सुचवलं: फायलींसोबत मुलांची प्रश्नांची कच्ची पानंही भिंतीवर लावता येतील का, असं विचारा. शिक्षिका लगेच तयार झाल्या.