त्रैमासिक काढताय? आधी टपालाचं बघा

कराडहून भाषेवरचं, साध्या वाचकांसाठीचं त्रैमासिक काढायचंय आणि 'वर्गणी दोनशे, टपालखर्चासह' असं पत्रक छापायला टाकलंय, हे तुमचं वाचलं आणि पोटात गोळाच आला. ते पत्रक आधी थांबवा. २०१६ साली सांगलीत मी हेच केलं होतं.

शीर्षकाच्या नोंदणीवर लिहीत नाही. ते आता सरकारच्या 'प्रेस सेवा पोर्टल' या संकेतस्थळावर होतं, जमेल तुम्हाला. माझं घोडं अडलं ते टपालात. नोंदणीकृत वृत्तपत्रांना सवलतीचा दर असायचा, पैशांतला. खिडकीवर विचारलं तर "नोंदणी नंबर आणा, होतंय की." त्या भरवशावर चारशे जणांची वर्गणी घेतली. नंबर आल्यावर त्याच खिडकीवर ऐकलं, "तिमाहीला मिळत नाही." तेव्हाच्या १८९८ च्या टपाल कायद्यात दोन अंकांमधलं अंतर ३१ दिवसांपेक्षा जास्त नसावं, असं स्पष्ट होतं. माझ्या अर्जावर पहिल्याच ओळीत 'त्रैमासिक' लिहिलेलं. तीन खेपांत एकानंही ते बोट ठेवून दाखवलं नाही, याचा राग अजून जात नाही. टपालाचे पैसे खिशातून घालत चार अंक काढले आणि थांबलो.

आता २०२३ चा नवा टपाल कायदा आलाय, त्यामुळे माझंच खरं धरू नका. स्वतः जाऊन विचारा, पण उत्तर लेखी घ्या. आणि काहीही झालं तरी वर्गणी वेगळी, टपालखर्च वेगळा छापा. मासिक करून सवलत मिळवू म्हणाल, तर दरमहा मजकूर कुठून आणणार? पुण्याचं 'भाषा आणि जीवन' १९८३ पासून त्रैमासिकच आहे. तेच झेपतं.

जाता जाता मजकुराचं. प्राध्यापकांचे लेख कमी घ्या, पत्रं जास्त. वाळवा तालुक्यातल्या एका आजींचं पोस्टकार्ड आलं होतं: "मी 'येतो' म्हणते तर सून हसते. माझं चुकतं का?" आम्ही चौकटीत उत्तर छापलं: कोल्हापूर-सांगलीकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात, ती इथल्या बोलीची रीत आहे, चूक नव्हे. 'चार' आणि 'चारा' यांतला च लिहायला एक आणि बोलायला दोन, यावरच्या आमच्या सहा पानी लेखाला एक पत्र आलं. या चौकटीला बावीस. अशी चौकट दर अंकात ठेवा आणि पत्ता मोठ्या टायपात छापा. पत्रं लिहिणारे बहुतेक साठीपुढचे असतात.