‘वुडी’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आला की अमेरिकेत जुनी गाडी, समजा १९५० ची फोर्ड सेडान, घेऊन तिचं मागचं छत कापतात नि तिथे लाकडी बॉडी बसवून वॅगन, म्हणजे मागेपर्यंत लांब छताची गाडी, करतात, तर त्या ‘कस्टम वुडी वॅगन’ला मराठी शब्द काय.

‘लाकडी गाडी’ नको, डोळ्यासमोर थेट सावंतवाडीचं खेळणं येतं. ‘वॅगन’ म्हटलं की आपल्याला मालगाडीचा कोळशाचा डबा दिसतो, त्यात पुढे ‘स्टेशन’ लागलं की झालंच कल्याण. पण ते स्टेशन रेल्वेचंच बरं का, उतरलेली माणसं नि त्यांच्या ट्रंका हॉटेलवर पोचवणारी ती स्टेशन वॅगन, तिचं आधीचं नाव डेपो हॅक, म्हणजे कामाने आपला स्टेशनबाहेरचा टांगाच.

मला विचाराल तर उत्तर एसटीकडे आहे. आपण बस ‘बनवत’ नाही, चासी, म्हणजे इंजिन-चाकांसकट नुसता सांगाडा, येते आणि दापोडीच्या वर्कशॉपात तिच्यावर बॉडी ‘बांधतात’, ट्रकचंही तेच. १९४८ साली पुणे-नगर धावलेल्या पहिल्या एसटीची बॉडीसुद्धा लाकडीच होती, वर कापडी छप्पर. फोर्डने १९२९ ला मॉडेल ए ची वॅगन काढली तीही अशीच बांधलेली, मिशिगनमधल्या आयर्न माउंटन गावच्या स्वतःच्या मिलमधलं लाकूड, त्याची चौकट नि मध्ये फळ्या.

राहिलं ‘कस्टम’. त्याला नाम शोधत बसू नका, ते काम आपलं ‘घेणे’ करतं. ब्लाउज शिवून घेतला, घर बांधून घेतलं, यात ऑर्डर, माप, आवड सगळं आलं. तसंच ‘जुन्या फोर्डवर लाकडी बॉडी बांधून घेतली’.

फक्त एक सांभाळा. लाकडाची चौकटच भार पेलत असेल तर ‘बांधली’. आत पत्रा तसाच ठेवून वरून फळ्या मारल्या तर ‘लाकूड चढवलं’. आणि ब्युइक या अमेरिकन कंपनीने १९५३ ला तिथली खऱ्या लाकडाची शेवटची वॅगन काढली, त्याच सुमारापासून दारांवर जो लाकडाच्या चित्राचा प्लास्टिक कागद चिकटवायला लागले, त्या गाड्यांना मी तर सरळ ‘लाकूडछाप’ म्हणतो!

‘वुडी’ हा शब्द ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, गाडी म्हणून ती वुडी, अनेकवचन साडी-साड्यांसारखं वुड्या, वुडीज नको.