रत्नागिरीत राहतो, गाडीला खालून गंज लागू नये म्हणून अंडरबॉडी कोटिंग करावं का?
समुद्राची खारी हवा आहे तर करा, पण पावसाळ्याआधी, एप्रिल-मे मध्ये, कारण पत्रा पूर्ण कोरडा पाहिजे. आधी गाडी लिफ्टवर घेऊन खालून धुवून, सुकवून, गंज असेल तिथे वायर ब्रशने घासून प्रायमर मारायला सांगा, नाहीतर गंजावरच काळा रबरी थर बसतो आणि आत ओल अडकून पत्रा जास्तच सडतो, वरून मात्र सगळं चकाचक! सायलेन्सर, ब्रेक डिस्क आणि पाणी निघायची भोकं यावर स्प्रे जाता कामा नये, मास्किंग करतायत का, म्हणजे ते भाग कागद-टेपने झाकतायत का, ते उभं राहून बघा. नवीन गाडीला फॅक्टरीतूनच थोडाफार थर असतो, त्यामुळे शोरूमवाल्यांच्या पॅकेजला लगेच हो म्हणू नका. आणि बीचवर गाडी घातलीच तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा राव.