परिषदेत ओळखी करताना

पहिल्यांदाच परिषदेला जाताय ना? मग आठवडाभर आधी कार्यक्रमपत्रिका उघडा आणि भेटायलाच हवीत अशी 5-6 नावं काढा. प्रत्येकाला दोन ओळींचा मेल टाका: तुम्ही कोण आणि त्यांच्या कोणत्या कामाबद्दल बोलायचंय. "जमलं तर भेटू" असं मोघम लिहिलं की भेट राहूनच जाते. "दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत 10 मिनिटं" असं नेमकं मागा.

भाषणानंतर वक्त्याभोवती घोळका होतो, तिथे तुमचं नाव कुणाच्याच लक्षात राहत नाही. त्यापेक्षा आपलं काम पोस्टरवर मांडून त्यापाशी उभ्या असलेल्यांकडे जा. ते बोलायलाच थांबलेले असतात; "हीच पद्धत का निवडली?" एवढा प्रश्न पुरतो. दोघं समोरासमोर तोंड करून बोलत असतील तर मध्ये शिरू नका. एक बाजू मोकळी दिसली तर खुशाल जा.

गळ्यातला बिल्ला हमखास उलटतो, म्हणून मागेही नाव लिहा.

कार्ड मिळालं की बाजूला होऊन लगेच त्याच्या मागे टिपा: काय बोलणं झालं, काय पाठवायचं कबूल केलंत. संध्याकाळपर्यंत चेहऱ्यांची सरमिसळ होते. घरी आल्यावर 2 दिवसांत मेल जायला हवा, कबूल केलेली फाइल जोडूनच. नुसत्या "भेटून आनंद झाला"ला बहुतेक जण उत्तर देत नाहीत.