मिठाची पोती आणि न विचारलेला प्रश्न

पत्र, थोडक्यात: ताई, मी अंबाजोगाईचा, वय २७. छत्रपती संभाजीनगरला वसतिगृहात असताना मी आणि माझा मित्र मिळून एक कादंबरी लिहू लागलो. ती १२९६ सालच्या देवगिरीवर घडते. गडावरचा पहारेकरी मी लिहितो, मांत्रिक तो लिहितो, आणि या दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे. मांत्रिकाची विद्या अशी की ती वापरली की त्याच्या सर्वांत जवळच्या माणसाचे आयुष्य खर्ची पडते. गेल्या महिन्यात मित्राची लातूरला सोयरीक जमली, सुपारी फुटली. मग त्याने शेवटचे प्रकरण पाठवले. त्यात मांत्रिक वेढ्याच्या रात्री पोत्यांतल्या मिठाचे धान्य करतो आणि पहारेकरी मरतो. सोबत निरोप होता: “वही जाळून टाक, नाहीतर पहारेकऱ्याची बाई कर.” आम्ही स्वतःविषयी कधीच काही बोललो नाही. हे प्रकरण म्हणजेच त्याचे उत्तर समजायचे का?

समजू नका. तुम्ही दोघे पात्रांच्या आडून पुष्कळ बोललात आणि त्या आडोशाने तुम्हाला धीरही दिला असेल. परंतु जो प्रश्न तुम्ही त्याला विचारलाच नाही, त्याचे उत्तर त्याच्या प्रकरणातून काढणे हे त्याच्यावर आणि स्वतःवरही अन्याय करण्यासारखे आहे. त्याने ते घाबरून लिहिले असेल, निरोप घेण्यासाठी लिहिले असेल किंवा कादंबरीला भव्य शेवट हवा एवढ्याचसाठी लिहिले असेल. (हौशी लेखकांना शेवटी कुणाला तरी मारल्याशिवाय चैन पडत नाही.)

तरीही त्या प्रकरणात एक अडचण आहे आणि ती तुमच्याही नजरेतून सुटलेली दिसते. अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर चाल केली तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य राजपुत्र शंकरदेवाबरोबर दूर होते, राजा रामदेवरायाने किल्ल्याचा आश्रय घेतला आणि घाईघाईने वर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाल्यामुळे त्याला जबर खंडणी देऊन तह करावा लागला, असे सांगतात. म्हणजे मीठ मीठच राहिले. तुमच्याच कथेचा नियम लावला तर याचा अर्थ असा होतो की त्या रात्री मांत्रिकाने विद्या वापरली नाही. गड हातचा जातो आहे हे दिसत असूनही त्याने एका पहारेकऱ्याचे आयुष्य खर्ची घातले नाही. मला हा शेवट अधिक अवघड वाटतो, कारण मेलेल्या पहारेकऱ्याला कुणी काही विचारत नाही, तर जिवंत राहिलेल्या त्या दोघांना दुसऱ्या दिवशी उपाशी गडासमोर आणि एकमेकांसमोर उभे राहावे लागते, आणि तू विद्या का वापरली नाहीस याचा जाब मांत्रिकाला द्यावा लागतो. हा शेवट मित्राला जरूर सुचवा, मात्र त्याचे मन काढून घेण्याची युक्ती म्हणून नको.

त्याच्या मनाविषयी विचारायचे ते कादंबरी बाजूला ठेवून, समोरासमोर विचारा. अंबाजोगाईहून लातूर काही परदेश नव्हे. मोबाइलवर लिहून विचारू नका. लग्नघरात फोन दहा हातांतून फिरतो. आधी तुम्हाला स्वतःला काय वाटते ते सांगा, पहारेकऱ्याला काय वाटते ते नव्हे, आणि मग त्याला वेळ द्या. तो “नाही” म्हणाला तर ते मान्य करा. वहीतली वाक्ये पुरावा म्हणून पुढे करू नका आणि ही गोष्ट तिसऱ्या कुणाच्या कानावर घालू नका.

त्याचे उत्तर “हो” असेल तर काम वाढते. दोन सज्ञान पुरुषांचे परस्परसंमतीचे नाते ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून गुन्हा राहिलेले नाही. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने अशा विवाहाला कायद्याची मान्यता मिळालेली नाही, आणि जिथे भावकी एकत्र बसून सोयरीक ठरवते तिथे त्याची भीती खोटी म्हणता येणार नाही. तुमच्या पत्रात जिच्याविषयी एक ओळही नाही, त्या मुलीचाही यात जन्म अडकतो आहे. तिला अंधारात ठेवून तिच्या गळ्यात माळ घालण्याचा अधिकार त्याला नाही. तिला सांगायचे ते अक्षता पडण्यापूर्वी आणि त्यानेच सांगायचे. तुम्ही तिच्या घरी जाऊ नका.

आता वही. सातवाहन राजाने कथा नाकारली म्हणून गुणाढ्याने ती रानात पशुपक्ष्यांना वाचून दाखवत पान पान अग्नीत टाकली आणि सात लाख श्लोकांपैकी एक लाखच उरले, ही आपल्या पैठणच्या दरबाराची जुनी आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. गुणाढ्याने निदान स्वतःचे लिखाण जाळले. तुमच्या वहीत निम्मे दुसऱ्याचे आहे, त्यामुळे एकट्याच्या हुकमावरून ती जाळू नये. त्याच कारणाने, दोघांनी मिळून लिहिलेल्या मजकुरावर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार दोघांचा हक्क असतो, म्हणून त्याच्या संमतीशिवाय त्यातले एक पानही छापायला देऊ नका. संमती मिळाली तरी लग्नाच्या धामधुमीत नको, आणि तेव्हाही टोपणनावानेच द्या.

पहारेकऱ्याची बाई करण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. मग त्या दोघांनी एवढे जपून का वागावे, नाव घ्यायला का घाबरावे, याला कारणच उरत नाही आणि सगळी भीती मंत्राच्या माथी मारावी लागते. जादूवर बेतलेली कथा तेवढ्याने कोसळते.

आणि सोबत पाठवलेल्या दुसऱ्या प्रकरणात पहारेकरी चांदमिनारावर चढून मशालीने खूण करतो, ते काढून टाका. तो मिनार पंधराव्या शतकात बहमनी राजवटीत उभा राहिला. १२९६ मध्ये तिथे चढायला काहीच नव्हते.