पुरुषांच्या छातीतील उंचवटा आणि शस्त्रक्रिया

प्रश्न : माझे वय २४ आहे. नववीत असल्यापासून दोन्ही स्तनाग्रांखाली उंचवटा आहे आणि व्यायामानेही तो गेलेला नाही. शस्त्रक्रिया करावी का? कामावर कधी परतता येईल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वयात येताना होणारी अशी वाढ, म्हणजे गायनेकोमास्टिया, बहुधा दोनेक वर्षांत आपोआप ओसरते, आपली इतकी वर्षे टिकली असल्याने ती आता गोळ्यांनी विरण्याची आशा फारशी नाही. तरीही आधी अंडकोषांची तपासणी आणि डॉक्टर सांगतील त्या संप्रेरकांच्या, थायरॉइडच्या व यकृताच्या चाचण्या करून घ्याव्यात. जिममध्ये स्टेरॉइडची इंजेक्शने घेतली असल्यास तेही न संकोचता सांगावे.

निव्वळ चरबी असेल तर लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी शोषून काढणे, पुरते. मात्र स्तनाग्रामागे रबरासारखी घट्ट चकती, म्हणजे स्तनग्रंथी, हाताला लागत असेल, तर स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेवर छेद घेऊन ती काढावी लागते, आणि पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकत्रच केल्या जातात. कुशल सर्जन सगळी ग्रंथी काढत नाही. थोडा भाग मुद्दाम ठेवतो, नाहीतर तिथे खळगा पडतो.

बैठे काम साधारण आठवड्याभरात सुरू होते. घट्ट दाबबनियन चार ते सहा आठवडे घालावे लागते (उन्हाळ्यात हा जाच वाटतो, म्हणून शक्य असल्यास हिवाळा निवडावा), आणि तोवर वजने उचलू नयेत. एकाच बाजूला अचानक फुगवटा येऊन ठणका लागल्यास आत रक्त साचल्याची शक्यता असते. अशा वेळी त्याच दिवशी सर्जनला दाखवावे.